नेकुलायचा घास

आग्लाया बुक्शान या बाईची कवळी मी केली होती, वरची आणि खालची दोन्ही, आणि तरी ती मरेपर्यंत माझ्याशी नाक मुरडूनच बोलली. मी चर्चमध्ये जात नाही, हे तिचं कारण. डॅन्यूबकाठच्या ब्राइलाच्या बंदरालगत आमची चार मजली इमारत आहे आणि तिच्यातल्या निम्म्या तोंडांत माझं काम आहे. सगळी नोकरी मी दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या घासण्यात घालवली. त्यामुळे माणूस काय बोलतो यापेक्षा तोंड उघडल्यावर आत काय दिसतं, याकडे माझं लक्ष आधी जातं. आग्लायाबाईच्या तोंडात देवाचं नाव फार असायचं. माझ्या कामाची याहून चांगली जाहिरात झाली नसती.

तिची हकिगत सांगते. कोणी थोर बाई नव्हती ती. सांगण्यासारखं तिने आयुष्यात एकच केलं आणि तेही स्वार्थापोटी.

जुन्या राजवटीत ती कोपऱ्यावरच्या सरकारी किराणा दुकानात काउंटरवर होती. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना एवढं पुरे. आम्ही पहाटेपासून रांगेत उभे, आणि मांस, लोणी, संत्री, जे काही आलं असेल ते आग्लायाबाईच्या पायाशी, काउंटरखाली. तिच्या मर्जीतल्यांच्या पिशवीत ते गुपचूप पडायचं. बाकीच्यांना ती म्हणायची, "संपलं." हा शब्द उच्चारताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा तो मी अजून विसरलेले नाही. पुढे राजवट गेली, दुकान गेलं, आणि अर्ध्या वस्तीला रिकाम्या पिशवीने परत पाठवणारी ही बाई धार्मिक झाली.

नवरा नेकुलाय बंदरावर क्रेन चालवायचा. मोठ्या हातांचा, कमी बोलणारा, भयंकर गोडखाऊ माणूस. त्याला साखरेचा आजार झाला आणि आग्लायाबाईच्या हाती पुन्हा काउंटर आलं. मिठाई काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली एप्रनच्या खिशात, आणि नेकुलायच्या पुढ्यात उकडलेला घेवडा. डॉक्टरने एक पथ्य सांगितलं की ही दोन पाळायला लावायची. तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. नेकुलाय कचरा टाकून येतो म्हणून बाहेर पडायचा आणि माझ्या दारात उभा राहायचा. मी त्याला सूर्यफुलाच्या हलव्याचा एक लहानसा तुकडा द्यायचे. तो उभ्याउभ्या खायचा, मिशा पुसायचा आणि रिकामी बादली हलवत घरी जायचा.

शेवटच्या आजारात त्याने तिच्याकडे कोझोनाकचा एक काप मागितला, म्हणजे आमचा सणावारी करायचा अक्रोड भरलेला गोड पाव. आग्लायाबाई म्हणाली, "डॉक्टरांनी नाही म्हटलंय." दुसऱ्या दिवशी तो गेला. कोझोनाक कपाटात तसाच होता, कुलूपबंद.

झालं. जिवंत नवऱ्याला जी एक काप देईना, ती मेलेल्या नवऱ्याला अख्खेच्या अख्खे पाव पोचवू लागली. आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने दुसऱ्याच्या हातावर खायला ठेवायची रीत आहे. त्याला पोमाना म्हणतात. घेणाऱ्याने 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि मग तो घास वर ज्याचा त्याला पोचतो. घ्यायला नाही म्हणणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडचं काढून घेणं. तेव्हा दर शनिवारी सकाळी आग्लायाबाई ताट आणि पेटवलेली मेणबत्ती घेऊन जिना चढायची-उतरायची आणि आम्ही मुकाट्याने हात पुढे करायचो. मीही करायचे. बाई ढोंगी होती, पण तिचा कोझोनाक उत्तम असायचा.

तिच्या ताटाचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक होतं दुसऱ्या मजल्यावरचा होरिया. नऊ वर्षांचा. त्याची आई इलिंका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते. बाप स्पेनला संत्री तोडायला गेला आणि तिकडेच कुठेतरी संत्र्यांबरोबर नासला. होरियाला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. लहान होता, गोबरा होता, तोवर साऱ्या इमारतीला त्याचा कळवळा. कळवळ्याला पैसे पडत नाहीत. मग तो अंगाने भरला, मारायला आणि चावायला लागला, आणि कळवळा आटला. आधी तो स्वतःच्या मनगटाला दात लावायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही की समोरच्याच्या. दिवसभर त्याला ज्या केंद्रात ठेवायचे तिथे त्याने एका मुलाच्या दंडाचा चावा घेतला. इलिंका भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून कामावर जायची. बाह्यांखाली काय आहे ते मला विचारावं लागलं नाही.

इमारतीचा कारभार पांदेले नावाचे गृहस्थ बघतात. त्यांनी खालच्या दाराशी सभा भरवली. "शनिवार आला की जिन्यात डोकं धडाधड आपटतो तो," ते म्हणाले. "माणसांनी राहायचं कसं? आणि हे मी मुलाच्याच भल्यासाठी म्हणतोय." दुसऱ्याच्या भल्याची गोष्ट निघाली की पांदेलेंची वरची कवळी हमखास सुटते. ती सावरत त्यांनी तक्रारीवर सह्या घेतल्या. पहिली सही आग्लायाबाईची. सही करताना तिने तीनदा छातीवर क्रॉसची खूण केली, म्हणजे हिशेब चुकता.

मग बालसंरक्षण कार्यालयातून बाई आली. सगळं बघितलं आणि शांतपणे सांगून गेली: मारणं-चावणं शरदापर्यंत आटोक्यात आलं नाही तर मुलाला शहराबाहेरच्या वसतिगृहात हलवावं लागेल. ती गेल्यावर इलिंका माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मावशी, तिथं गेला तर तो मला परत मिळायचा नाही," ती म्हणाली. "आणि त्याला तिथं काय करतात ते तो मला सांगू पण शकणार नाही."

अशा वसतिगृहांच्या भिंतींआड काय चालायचं हे आमच्या पिढीला शिकवायची गरज नाही. मी तिच्यापुढे कॉफी ठेवली. दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं.

केंद्राने तिला एक मुलगी गाठून दिली, स्मारांदा नावाची. गालात्सहून बसने यायची. पाठीवर पिशवी, नाकावरून घसरणारा चष्मा, वय इतकं कमी की माझ्याकडे तिच्यासाठी काम निघायला अजून चाळीस वर्षं लागतील. पोरांची वागणूक सुधारण्याचं शास्त्र शिकलेली. पहिले काही दिवस तिने काहीच केलं नाही, नुसती जिन्यात बसून राहिली. मला ते सहन होईना.

"काय गं, पोराला सुधारायला आलीस की पायऱ्या झिजवायला?"

"बघतेय मावशी."

"त्यात बघायचं काय? मारतो. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"मारायच्या आधी काय होतं ते बघतेय. आणि मारल्यावर त्याला काय मिळतं."

"काय मिळणार? शिव्या."

"शिव्या नाही हो मिळत," ती म्हणाली. "कोझोनाक मिळतो."

खरंच होतं ते. शनिवारी होरिया आग्लायाबाईच्या दारावर डोकं आपटायचा, ती ताट घेऊन धावायची, "घे रे बाळा, देवाच्या लेकरा, शांत हो," आणि दोन काप त्याच्या हातात. चावला तर तीन. पांदेले पायऱ्यांवर गाठ पडली की त्याला बिस्किट द्यायचे, अंगावर येऊ नये म्हणून. खालच्या बाकावरच्या बायका गोळ्या फेकायच्या. बोलता न येणाऱ्या पोराला मागायची एकच रीत आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवली होती, आणि तो नीट शिकला म्हणून तक्रारही आम्हीच केली होती.

स्मारांदाने त्याला दुसरी रीत शिकवायला घेतली. चित्रांची कार्डं. पाणी हवं, पाण्याचं कार्ड हातात दे. आवाज सोसत नाही, बंद दाराचं कार्ड दे, तुला लगेच शांत खोलीत नेतो. कार्ड दिलं की मागितलेलं त्याच क्षणी मिळणार. मारलं तर काही मिळणार नाही, ओरडाही नाही, मारही नाही. तिने इलिंकाला आधीच बजावलं होतं: "ताई, पहिल्यांदा तो जास्त मारेल. रोज उघडणारं दार आज उघडलं नाही की आपणही जास्त जोराने ठोकतो ना, तसं. तेव्हा द्यायचं नाही. तेव्हा एकदा जरी दिलंत तर तो शिकेल की एवढं जोरात मारलं की मिळतं."

इलिंका ते दिवस कशी जगली ते मी पायाखालच्या जमिनीतून ऐकलं. इमारतीचं मत तयारच होतं. पांदेले म्हणाले, "बघा, ती पोरगी आल्यापासून जास्तच बिघडला." या माणसाला कवळी बसवली तेव्हाही दुसऱ्याच दिवशी तो हेच म्हणाला होता. पण हळूहळू घरातलं मारणं उतरलं. केंद्रातलंही उतरलं. होरिया गळ्यात कार्डांची पट्टी अडकवून फिरायला लागला, आणि एकदा तर मला त्याने बंद दाराचं कार्ड दिलं. मी फार बोलते म्हणून.

राहिला जिना. राहिला शनिवार. तिथे आग्लायाबाई होती.

इलिंका तिच्याकडे हात जोडून गेली. दार उघडं होतं, माझंही होतं, त्यामुळे मी कान देऊन ऐकलं असं म्हणता येणार नाही.

"आग्लायाबाई, एवढंच करा. तो डोकं आपटत असेल तेव्हा देऊ नका. कार्ड दिलं की द्या."

"कार्ड! पोमाना काय कार्डावर मिळते? हे काय रेशन आहे?"

रेशनची बाई हे म्हणत होती. मी दारात नुसती हसले.

"त्यांनी त्याला नेलं तर..." इलिंका म्हणाली.

"हे बघ पोरी," आग्लायाबाई म्हणाली, "पापी माणसाच्या हातावर ठेवलेलं पोचतं की नाही कुणास ठाऊक. पण आजारी लेकराच्या हातावरचं थेट पोचतं. मी याला दिलं नाही तर माझा नेकुलाय तिकडे उपाशी राहील. तुझ्या त्या गालात्सच्या पोरीला सांग, माझ्या नवऱ्याच्या तोंडातला घास काढू नकोस म्हणावं."

"आणि माझं पोर?"

"देव बघेल," असं म्हणून तिने दार लावलं.

त्या बाईचा इतका संताप मला रांगेत उभी असतानाही आला नव्हता. निदान तेव्हा ती लोणीच दाबून ठेवत होती. त्यानंतरच्या शनिवारी होरियाने तिच्या दारावर कपाळ फोडून घेतलं, आणि ती रक्त पुसत पुसत त्याच्या हातात काप कोंबत होती, डोळे वर, ओठ प्रार्थनेत. स्मारांदा खाली पायरीवर डोकं धरून बसली. सगळ्या आठवड्याची मेहनत या बाईने दोन कापांत खाल्ली होती.

संध्याकाळी आग्लायाबाई खालच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. तिचं भलं व्हावं, पोराचं भलं व्हावं, असं काही माझ्या मनात नव्हतं. मला तिला टोचायचं होतं.

"आग्लायाबाई, एक विचारू? पोमाना घेतल्यावर घेणाऱ्याने काय म्हणायचं असतं?"

"तुम्हाला कशाला पंचाईत? तुम्ही तर देवाला मानत नाही."

"तरी सांगा."

"बोग्दाप्रोस्ते म्हणायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पोचत नाही. सगळ्या जगाला माहीत आहे."

"मग होरिया काय म्हणतो हो?"

तिने बी दातांत धरली ती तशीच राहिली. माझीच कवळी, मला नीट दिसत होतं.

"तो तर बोलतच नाही," मी म्हणाले. "आजवर इतके शनिवार गेले. म्हणजे तुमच्या नेकुलायला होरियाच्या हातून एक कणही पोचलेला नाही. बिचारा अजून त्याच कापाची वाट बघत असेल."

ती उठली. बियांची पुडी बाकावरच राहिली. जिना चढताना ती कठड्याला धरून धरून चढत होती, आणि मला बरं वाटलं. तेव्हा वाटलं, ते लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये पाद्र्याला विचारायला गेली. पाद्री म्हणाला म्हणे, मनात हेतू असला की पुरे. पण तिचा त्याच्यावर विश्वास बसेना. "त्याला काय," ती बाकावरच्या बायकांना म्हणाली, "त्याला प्रत्येक ताटातलं मिळतं. तो कशाला म्हणेल पोचत नाही?" धार्मिक माणसं एकमेकांना बरोबर ओळखतात.

मग ती स्वतःहून स्मारांदाकडे आली. बसची वेळ झाली होती, पोरगी पिशवी आवळत होती.

"ए मुली, याला बोलायला शिकव. एकच शब्द शिकव. बोग्दाप्रोस्ते."

"तो बोलेल की नाही हे मला सांगता येत नाही आजी. खोटं कशाला बोलू?"

"मग तुझं शास्त्र कशाला आहे?"

स्मारांदाने पिशवी खाली ठेवली. कार्यालयातल्या बाईला जे जमलं नाही, पाद्र्याला जे सुचलं नाही, ते त्या चष्मेवाल्या पोरीला सुचलं. मी तिला त्याआधी फारशी हुशार समजत नव्हते.

"पण तो देऊ शकतो," ती म्हणाली. "आपण एक कार्ड करू. त्यावर कोझोनाकचा काप काढू आणि बाजूला पेटलेली मेणबत्ती. त्याने ते तुमच्या हातात ठेवलं की तो त्याचा शब्द. तुम्ही लगेच काप द्यायचा."

"आणि तो पोचेल?"

"मला पोमानातलं कळत नाही आजी. पण मारून हिसकावलेलं कुणाला कसं पोचेल?"

आग्लायाबाईने पोरीची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. मग तिने विचारलं, "मेणबत्ती पेटलेली काढशील ना? विझलेली नको."

पुढचा शनिवार ऑगस्टातला होता, डांबर वितळवणारा. आग्लायाबाई दारात उभी राहिली ती नेकुलायचा बंदरावरचा कापूस भरलेला जाड कोट घालून. स्मारांदाने सांगितलं होतं, हातांना काहीतरी जाड बांधा. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या, घाम हनुवटीवरून ताटात पडेल की काय असं वाटत होतं. स्मारांदा त्याचं डोकं सांभाळायला मागे उशी धरून उभी, इलिंका भिंतीला चिकटलेली.

होरिया आला. कार्ड त्याच्या गळ्यात होतं, पण इथे त्याची जुनी रीत चालायची. त्याने डोकं आपटलं. ताट हललं नाही. त्याने मनगटाला दात लावले, मग आग्लायाबाईच्या दंडाला, त्या कोटातून. ती एक अक्षर बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, शिकवल्याप्रमाणे समोरच्या भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत राहिली. कोटातून कापूस बाहेर आला. तो ओरडत होता, अंगावर झेपावत होता, आणि हे कितीतरी वेळ चाललं.

पांदेले खालून ओरडले, "अहो द्या की त्याला एकदाचं. कान फुटले आमचे."

"तोंड बंद ठेवा," आग्लायाबाई भिंतीकडे बघतच म्हणाली. "तुमच्या कानांसाठी माझा नवरा उपाशी ठेवू?"

इलिंकाने तोंड दोन्ही हातांनी दाबलं होतं. ती रडत होती की हसत होती कुणास ठाऊक.

शेवटी होरिया दमला. खाली बसला. स्मारांदाने मागून त्याचा हात हळूच गळ्यातल्या पट्टीकडे नेला. त्याने कार्ड उचकटलं, उठला, आणि कोटाच्या त्या लोंबत्या बाहीत शोधत शोधत आग्लायाबाईच्या तळहातावर ठेवलं. काप त्याच्या तोंडात गेला तेव्हा आग्लायाबाई दाराच्या चौकटीला टेकून ढसाढसा रडली.

"पोचलं," ती म्हणाली. "नेकुलाय, खाल्लंस का रे?"

पोराचं कपाळ सुजलेलं, आणि ही बाई आपल्या नवऱ्याशी बोलत होती. मी दार लावून घेतलं. मग बराच वेळ दाराला पाठ लावून आत उभी राहिले.

त्या दिवसापासून काउंटर तिसऱ्यांदा आग्लायाबाईच्या हातात आलं. आता ती सगळ्या जिन्यावर नजर ठेवायची. बाकावरच्या बाईने गोळी पुढे केली की वरच्या खिडकीतून आवाज, "कार्ड कुठंय?" पांदेलेंचं बिस्किट तिने त्यांच्या खिशात परत कोंबलं. होरियाने हात उगारला की ती ताटावर फडकं टाकायची आणि म्हणायची, "संपलं." तोच शब्द, तोच चेहरा, रांगेतला. आणि कार्ड आलं की त्याच क्षणी फडकं दूर. स्मारांदा म्हणाली की इतकी काटेकोर मदतनीस तिला केंद्रातही मिळाली नव्हती. मिळेल कशी? केंद्रात माणसं पोराच्या प्रेमापोटी काम करतात, त्यांना मध्येच दया येते. आग्लायाबाईला तशी काही अडचण नव्हती.

उन्हाळा उतरता उतरता होरिया दर शनिवारी वर यायला लागला तो बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा, मागे सरकून उभा राहायचा, आणि दार उघडलं की कार्ड. डोकं आपटणं गेलं, चावणं गेलं. इलिंकाच्या बाह्या आखूड झाल्या. बालसंरक्षणवाली बाई फोनवर म्हणाली, "ऐकून आनंद झाला, पण तक्रार शनिवारची होती, तेव्हा मी एका शनिवारी न कळवता येईन आणि मगच ठरवू."

आणि मग आग्लायाबाई मेली. ऑक्टोबर संपता संपता, सोमवारी, स्वयंपाकघरात, पीठ मळताना. तिला दुसरं काय जमणार होतं? तूरिनहून मुलगी आली. तिने आईला पुरलं, बाकावरच्या बायकांच्या हातावर दुकानातून आणलेला केक ठेवला, दाराला कुलूप घातलं आणि विमान पकडलं. जी बाई दर शनिवारी मेलेल्या नवऱ्याला जेवू घालत होती, तिच्या नावाने घरात ताट मांडणारं कोणी उरलं नाही. मला वाईट वाटलं नाही. मला फक्त समोरचं दार बघवत नव्हतं.

त्याच आठवड्यातला शनिवार हा आमच्याकडे पितरांचा मोठा शनिवार होता. सकाळपासून सारी इमारत ताटं आणि मेणबत्त्या घेऊन चर्चला गेली. मी मागे राहिले, नेहमीसारखी. इलिंकाही राहिली. होरियाला कसं समजवायचं हे कळत नव्हतं, म्हणून वेळ व्हायच्या आत त्याला डॅन्यूबच्या काठाला फिरायला न्यायचं तिने ठरवलं होतं. ती त्याला बूट घालत होती तेवढ्यात दाराची घंटी वाजली. बालसंरक्षणवाली बाई, फाइल काखोटीला मारून.

त्या दोघी दारात बोलत असताना तो निसटला आणि वर आला.

मला ती ओळखीची दोन टकटक ऐकू आली. मी दाराच्या भिंगातून बघितलं. आग्लायाबाईच्या दारापुढे तो मागे सरकून उभा होता, कार्ड हातात, पुढे धरलेलं. एका बुटाची नाडी सुटलेली. दार उघडलं नाही. त्याने पुन्हा ठोकलं, अगदी शिकवलं होतं तसं, हळू. पुन्हा वाट बघितली. खालून पावलं आली. इलिंका आणि तिच्या मागे ती बाई पायऱ्यांच्या वळणावर थांबल्या. इलिंकाला पुढे होऊन काही करता येईना. तो भडकल्यावर काही हातात दिलं असतं तर सगळं पुन्हा सुरुवातीपासून, आणि नुसता ओढून नेला असता तर तो तिथेच, त्या बाईच्या डोळ्यांदेखत, तिला चावला असता. तिने माझ्या दाराकडे बघितलं. भिंगाच्या मागे मी आहे हे तिला माहीत असणारच. मी नेहमी असते.

त्याचा कार्डाचा हात खाली आला. दुसरं मनगट हळूहळू तोंडाकडे निघालं.

माझ्याकडे कोझोनाक नव्हता. मी आयुष्यात कधी पीठ मळलं नाही. फळीवर सूर्यफुलाच्या हलव्याचा डबा होता. का आणत राहिले होते कुणास ठाऊक. नेकुलाय गेल्यापासून तो खाणारं कोणी नव्हतं. मी दोन तुकडे मोडले, ताटलीत टाकले आणि दार उघडलं. दात अजून टेकले नव्हते. दातांच्या बाबतीत माझी चूक होत नाही.

"होरिया," मी म्हणाले.

तो वळला. माझ्याकडे बघितलं, हलव्याकडे बघितलं, मग पुन्हा त्या बंद दाराकडे. मनगट तोंडाजवळच होतं. मेणबत्ती नव्हती माझ्याजवळ, काहीच नव्हतं, आणि पोमाना देताना ज्याचं त्याचं नाव घ्यावं लागतं हे मला माहीत होतं.

"घे," मी म्हणाले. "नेकुलायच्या नावाने." मग मी त्या बंद दाराकडे बघितलं. "आणि आग्लायाच्या."

मनगट खाली गेलं. त्याने सुटलेल्या नाडीवरून पाय उचलत दोन पावलं पुढे टाकली आणि कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. मी त्याच क्षणी हलव्याचा एक तुकडा दिला. तो उभ्याउभ्याच खायला लागला.

बालसंरक्षणवाली बाई बराच वेळ बघत होती. "किती छान मागतो," ती हळूच म्हणाली. "कुणी शिकवलं याला?"

मी त्या बंद दाराकडे बोट केलं.

"समोर आग्लायाबाई राहायच्या," मी म्हणाले. "त्यांनी."

तिने फाइल मिटली आणि म्हणाली की मुलगा आईजवळच राहील. इलिंका वर आली आणि होरियाची सुटलेली नाडी बांधू लागली. होरियाने बोटं चाटली, ओठ पुसले आणि रिकामा हात पुन्हा माझ्यापुढे केला. मी खांद्यावरचं फडकं ताटलीवर टाकलं आणि म्हणाले, "संपलं." मग त्याने दुसऱ्या हाताने माझ्या मुठीतून कार्ड सोडवून घेतलं, नीट सरळ धरलं, आणि पुन्हा माझ्या हातात ठेवलं.